मोटारखान्यातील लाकडी मांडणी व घरगुती धान्यसाठवण

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. भावांची चढउतार, आडत, कर व कायदे यांवर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ सभासद आहेत. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला, लष्करच्या दाल बाजारात घाऊक धान्याचा व्यवहार करणारा मनुष्य. माल कसा टिकतो व कसा बिघडतो, एवढेच त्याने जन्मभर जवळून पाहिले आहे. यास्तव विषय घेतला आहे तो अगदी घरगुती. घरातील मोटारखान्यात, म्हणजे ज्या खोलीस आता सर्वच गॅरेज म्हणतात तेथे, वर्षाच्या धान्याच्या डब्यांसाठी लाकडी मांडणी स्वतःच्या हाताने कशी उभारावी, हा तो विषय.

हा प्रश्न आमच्या ग्वाल्हेरीत निघाला त्यास कारण आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. फालका बाजार, पाटणकर बाजार ही नावे त्या काळच्या सरदार घराण्यांचीच. अशा वाड्यांतून पागा असत, बग्घीच्या खोल्या असत. बग्घी गेली, मोटार आली. पुढे मोटारी रुंद झाल्या व गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. परिणामी मोटार रस्त्यावर उभी राहू लागली आणि ती खोली अडगळीची झाली. नव्या वसाहतींतही स्थिती फारशी निराळी नाही. घरात कोठीची खोली बांधण्याची चाल गेली, आणि वर्षाचा गहू, डाळी, तेलाचे डबे, दुकानाच्या जुन्या वह्या असे सगळे गॅरेजच्या फरशीवर येऊन बसले. फरशीवर, भिंतीला टेकून, एकावर एक. बिघाडास आरंभ येथेच होतो.

आपल्या आजी-पणजींच्या माजघरात मातीच्या मडक्यांची उतरंड असे. दिसावयास ती सुंदर. परंतु उतरंडीचा दोष असा की तळच्या मडक्यात काय आहे हे पाहण्यास वरची सर्व उतरावी लागतात. म्हणून तळचे मडके वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. डब्यांवर डबे व पोत्यांवर पोती रचली की तीही उतरंडच होते. नवा माल वर येतो, तोच आधी संपतो, आणि जुना खाली कुजत राहतो. घाऊक पेढीवर आम्ही आधी आलेला माल आधी काढतो. घरात हा नियम पाळावयाचा तर प्रत्येक डबा दुसऱ्यास न हलविता हाती आला पाहिजे. मांडणीचे मुख्य प्रयोजन हेच होय. जागा वाचते हा लाभ दुय्यम आहे.

धान्य जमिनीपासून तोडून ठेवावे, ही समज आपल्याकडे फार जुनी. कणगी शेणामातीने लिंपून ओट्यावर किंवा दगडांवर ठेवीत. भिंतीच्या पोटात बळद असे. पेव मात्र जमिनीतच खणीत. ते कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीतच टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळशी निकामी झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही या प्रश्नात लक्ष घातले. १९५६ चा गोदामविषयक कायदा, १९५७ साली स्थापन झालेले केंद्रीय वखार महामंडळ व १९६५ साली स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ यांच्या गोदामांत आजही पोती थेट जमिनीवर ठेवीत नाहीत; खाली लाकडी चौकटी असतात, अथवा चटया व जाड प्लास्टिक असते, आणि थप्पी व भिंत यांच्या मधून माणूस जाईल इतकी वाट मोकळी असते. लाखो पोत्यांस जो नियम, तोच घरच्या बारा डब्यांस.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठीत धान्याच्या कोठारासही वखार म्हणतात आणि लाकूड विकण्याच्या जागेसही वखारच म्हणतात. आमच्याकडे लाकडाच्या वखारीस टाल असे नाव आहे, म्हणून महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याने ‘वखारीत जाऊन येतो’ म्हटले की तो गहू आणावयास गेला की फळ्या, याचा उलगडा तो परत आल्यावरच होतो.

असो. आता ओलाव्याविषयी. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा व प्रखर. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लू वाहते. त्यानंतर एकाएकी आषाढ-श्रावणाची दमट हवा येते. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की उघड्या गव्हातील ओलावा हळूहळू १४ टक्क्यांच्या घरात जातो. गहू निर्धोक राहण्यास तो १२ टक्क्यांच्या आत असावा. त्यावर गेला की सोंडे व टोके वेगाने वाढतात, आणि पुढे बुरशी धरते. बुरशीचे विष डोळ्यांस दिसत नाही व शिजविल्यानेही पुरते जात नाही. आमच्या प्रांतातील घरांना वालुकाश्माची फरशी असते. हा दगड अंगात पाणी ओढतो. खालची जमीन भिजली की फरशी वरून कोरडी दिसत असूनही तिच्यावरच्या पोत्याचा तळ सर्द होतो. ज्याला खात्री करावयाची असेल त्याने पावसाळ्यात फरशीवर प्लास्टिकचा एक हातभर तुकडा चारी कडा चिकटवून एक रात्र ठेवावा व सकाळी उलटून पाहावा. खालच्या बाजूस दव दिसले, तर त्या फरशीवर काहीही ठेवणे इष्ट नाही.

अहिंसेच्या दृष्टीनेही हा विचार महत्त्वाचा. धान्यात जीव उत्पन्न झाल्यावर ते काढावयाचे कसे, हा प्रश्न आपल्या घरांतील स्त्रियांना फार बोचतो. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी यतना ठेवणे हा त्यास सोपा मार्ग आहे, आणि कोरडी हवा, मोकळी जागा व वरचेवर नजर ही तिची साधने होत.

सुतारकाम सुरू करण्यापूर्वी एक अट. ज्या गॅरेजमध्ये मोटार किंवा स्कूटर अजून उभी राहते, तेथे खाण्याची वस्तू ठेवू नये. पीठ, डाळ, चहा, साखर ही पेट्रोलचा वास फार लवकर धरतात, आणि बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे माणसासही घातक आहे. अशा खोलीतील मांडणीवर रिकामी पोती, अवजारे, सणावाराची भांडी एवढेच ठेवावे.

लाकूड कोणते घ्यावे? सागास तोड नाही. त्याच्या गाभ्याच्या लाकडास वाळवी सहसा लागत नाही. परंतु सालीजवळचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी ते वाळवीस गोड लागते, ते टाळावे. साल मजबूत पण जड, व त्यात खिळा ठोकताना ते चिरते; आधी गिरमिटाने भोक पाडावे लागते. चीड स्वस्त व हलके. कोरड्या जागी फळ्यांस चालते, पायांस नको. आंबा पावसाळ्यात किडतो. पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या दारे-खिडक्यांचे सागवान मिळाले तर अवश्य घ्यावे, कारण ते पन्नास-साठ उन्हाळे खाऊन बसलेले असते व आता वाकत-फिरत नाही. मात्र त्यावरचा जुना रंग घरात खरवडू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर कायद्याने मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. तो रंग टालेवरच रंधून घ्यावा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भंगारात मिळतात व ते मजबूतही असतात. परंतु त्यांत डांबरी तेल मुरविलेले असते, म्हणून धान्याजवळ ते वर्ज्य समजावे. भुशाचे दाबून केलेले तक्ते, जे बाजारात फर्निचरसाठी मिळतात, ते ओलाव्याने फुगतात व ओझ्याने झोल खातात. आमच्या परिचयाच्या एका घरी अशाच तक्त्याची मांडणी श्रावणातील एका रात्री डब्यांसह खाली आली. दिवसा त्याच जागी घरातील मुले खेळत असत. प्लायवुडच घ्यावयाचे असेल तर आय.एस. ७१० हा शिक्का असलेले, पाण्यास टिकणारे घ्यावे.

लोखंडी मांडणी वाईट असे माझे म्हणणे नाही. दुकानात ती माझ्याकडेही आहे. परंतु दमट हवेत लोखंडास घाम येतो व डब्याच्या तळास गंज चढतो. शिवाय लाकडी मांडणी घरच्या माणसांस रविवारी बसून करता येते, हा लाभ मी लहान मानीत नाही. व्यापाऱ्याच्या मुलास काटा व वही यांबरोबर गुण्या व ओळंबाही हाती धरता यावा.

आकार मालावरून ठरवावा. पुष्कळ लोक आधी भिंत मोजतात आणि मग डबे बसत नाहीत म्हणून हळहळतात. आपल्या घरांत सर्वत्र असतो तो तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा. त्याचा तळ सव्वानऊ इंच चौरस व उंची सुमारे चौदा इंच. असे दोन डबे मागे-पुढे ठेवण्यास वीस इंच खोली पुरते, आणि तीन डबे शेजारी-शेजारी ठेवण्यास तीस इंच. म्हणजे तीस इंचांच्या एका खणात सहा डबे. अशा डब्यात गहू सुमारे चौदा किलो मावतो. डब्यासह पंधरा किलो धरावे. खणाचे वजन नव्वद किलो झाले. दोन खणांची, पाच फूट लांबीची मांडणी केली तर एका फळीवर १८० किलो. खालच्या दोन फळ्यांवर भरलेले डबे, तिसऱ्यावर पोहे, पापड, लाह्या अशा हलक्या वस्तू, सर्वांत वर रिकामे डबे व कागदपत्र, असे धरले तर सगळे ओझे पावणेपाच क्विंटलच्या आसपास जाते. हा आकडा अनेकांस खरा वाटत नाही, कारण कोणी तो एकत्र मांडून पाहत नाही. आणि मधल्या दोन पायांवर दोन्ही बाजूंच्या खणांचा भार येत असल्यामुळे निम्मे ओझे त्यांवरच पडते. म्हणजे प्रत्येकी सुमारे १२० किलो.

मध्ये पाय का घालावयाचे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. फळीचा झोल लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. तो फार झपाट्याने वाढतो. एक इंच जाडीच्या सागाच्या फळीवर, तीस इंचांच्या टप्प्यात, वरील सहा डब्यांनी मिलिमीटरच्या पाऊण भागाइतका झोल येतो. डोळ्यांस तो दिसणारही नाही. तीच फळी मधला आधार न देता साठ इंच ताणली व तिच्यावर बारा डबे ठेवले, तर झोल सोळापट, म्हणजे जवळजवळ बारा मिलिमीटर होतो. लांबी दुप्पट, झोल सोळापट. त्यातून लाकडाचा स्वभाव असा की सततच्या ओझ्याखाली ते महिनोन्‌महिने आणखी वाकत राहते, आणि काही काळाने झोल पहिल्या दिवसाच्या दुप्पट झालेला आढळतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. तेव्हा आधार जवळ घ्यावेत किंवा फळी जाड घ्यावी. आधार जवळ घेणे स्वस्त पडते.

आता रचना. सहा पाय, प्रत्येक सहा फूट लांब, तीन इंच बाय दोन इंच. दोन-दोन पायांच्या तीन शिड्या करावयाच्या. शिडीच्या दोन पायांमध्ये वीस इंच मोकळे ठेवावे आणि पायांची तीन इंचांची बाजू शेजारच्या शिडीकडे तोंड करून असावी. या बाजूवर आडवे दांडे बसवावयाचे. दांडा सव्वीस इंच लांब, तीन इंच उंच, दीड इंच जाड. प्रत्येक शिडीस चार. फळीचा माथा जमिनीपासून १०, ३०, ५० व ७० इंचांवर येईल अशा बेताने दांड्यांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात. तिन्ही शिड्यांचे सहाही पाय जमिनीवर शेजारी निजवून, गुण्या लावून, सर्वांवर एकदमच रेघ ओढावी. एकेक पाय वेगळा मोजला तर एखाद्या सुताचा फरक राहतोच, आणि मग मांडणी जन्मभर डुगडुगते.

सर्व लेखात महत्त्वाची गोष्ट ती आता. आडवा दांडा केवळ खिळ्यांवर लटकता ठेवू नये. कसबी सुतार पायाला खाच घेऊन किंवा कुसू काढून दांडा बसवील, ते उत्तमच. घरच्या माणसास ते साधणार नाही. त्याने असे करावे: दांड्याच्या खाली, पायाला लागून, तीन इंच रुंद व दीड इंच जाड लाकडाचा ठोकळा जमिनीपर्यंत पोहोचेल असा उभा बसवावा. त्यावर पहिला दांडा टेकेल. पहिल्या दांड्याच्या माथ्यावर पुन्हा ठोकळा, त्यावर दुसरा दांडा, असे वरपर्यंत. म्हणजे वरच्या फळीचे ओझे लाकडावरून लाकडावर उतरत थेट जमिनीत जाते. बोल्ट व स्क्रू यांचे काम मग लाकडे एकमेकांस धरून ठेवण्याचे तेवढे राहते. ओझे वाहण्याचे राहत नाही. प्रत्येक सांध्यास पायातून आरपार एक बोल्ट, दोन्ही टोकांस वायसर, आणि ठोकळ्यांस स्क्रू. लोहिया बाजारात हे सर्व वजनावर मिळते. वायसर न घालता बोल्ट आवळला तर त्याचे डोके लाकडात रुतते व उन्हाळ्यात लाकूड आकसले की सांधा ढिला होतो.

फळ्या साडेचार इंच रुंदीच्या, एका थरात चार, व दोहोंमध्ये अर्धा इंच फट. अखंड तक्त्याहून फटीची फळी बरी. खालून हवा खेळते, सांडलेला दाणा अडकून राहत नाही, आणि पावसाळ्यात लाकूड फुगले तरी त्यास जागा राहते. सर्व मिळून, तोडफोडीची तूट धरून, सुमारे सात घनफूट लाकूड लागते.

तिन्ही शिड्या फळ्यांनी जोडल्या की मांडणी उभी राहते, पण हाताने हलविली तर डावी-उजवी डोलते. मागच्या बाजूस एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकस पट्टी, व तिला छेदणारी दुसरी, अशी कैची ठोकली म्हणजे डोलणे थांबते. पुष्कळ घरांत मांडणी भक्कम असते, परंतु ही दोन पट्ट्यांची काटकसर केलेली असते. ओळंबा लावून पाय उभे आहेत हे पाहूनच कैची ठोकावी. एकदा ठोकल्यावर वाकडेपणा कायम होतो. पुढेमागे कलू नये म्हणून वरच्या दांड्यापासून भिंतीपर्यंत लोखंडी पट्टी न्यावी. जुन्या भिंतींत चुन्याच्या सांध्यात खुंटी धरत नाही. भोक दगडात घ्यावे. लहान मुले फळीस पायरी समजून चढतात. ज्या घरात मुले आहेत तेथे ही पट्टी सुटता कामा नये.

मांडणी व भिंत यांत वीतभर अंतर हवे. वाळवी उघड्यावरून चालत नाही. ती मातीच्या नळ्या बांधीत चढते. पाय मोकळे असले, तर नळी दिसताच झाडूने पुसून टाकता येते व पुढचा सर्व अनर्थ टळतो. पायांखाली फरशीचे तुकडे आणि त्यांवर जाड पत्र्याचे चौकोन ठेवावेत, पत्रा चारी बाजूंनी बोटभर बाहेर आलेला व कडा किंचित खाली वाकविलेली असावी. काही ठिकाणी पाय पाण्याच्या वाटीत ठेवण्याची चाल आहे. आपल्या घरांत ती योग्य नाही. त्या पाण्यात मुंग्या बुडतात, डास होतात, आणि लाकडाचा पाय कुजतो तो वेगळाच. खालची फळी दहा इंचांवर घेतली ती झाडू फिरावा म्हणून. तेवढ्या जागेत ‘तात्पुरते’ काही सारून ठेवू नये. तात्पुरते ठेवलेले तेथे पाडव्यापर्यंत राहते.

लाकडास रंग देण्याची आवश्यकता नाही. जवसाचे तेल दोन हात चोळावे व पंधरा दिवस वाळू द्यावे. मात्र तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेते. ती उघड्यावर पसरून सुकवावी.

काम केव्हा काढावे? दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. चैत्र-वैशाखात नवा गहू बाजारात येतो व घराघरांत वर्षाची भरती होते. त्यापूर्वी मांडणी वाळून तयार हवी. भर उन्हाळ्यात घट्ट बसविलेली फळी पावसाळ्यात फुगून सांधे उचकटते. चातुर्मासात तर ठोकाठोक नकोच. त्या दिवसांत लाकूड, हवा व जमीन सर्वच ओले असते.

डबे चढविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. प्रत्येक खणावर नव्वद किलोच्या विटा तोलून रचाव्यात. फळीखाली एका दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून बांधावी व एक दिवस-रात्र तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी फळीचा मध्य दोरीच्या खाली एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, अधिक उतरला असेल, तर ती फळी गाठीची किंवा चिरेची आहे असे समजून बदलावी.

पोती मांडणीवर चढवू नयेत. आज पन्नास किलोचे पोते सर्वत्र आहे. ते डोक्याइतके उचलणे घरच्या माणसाचे काम नव्हे. त्यांसाठी वेगळी घडवंची करावी, दहा इंच उंच, रुंद पायांची. तिच्यावर दोन पोत्यांहून अधिक थर नको. भरलेला डबाही खांद्यावरच्या फळीवर ठेवू नये. घरात डबा उतरविणारी बहुधा गृहिणी असते, तेव्हा फळीची उंची तिच्या खांद्यास लावून ठरवावी, पुरुषाच्या नव्हे. वर ५० इंच लिहिले आहे ते सरासरीचे. ज्या घरी जे योग्य ते करावे.

आता ज्यासाठी मुळात लेखणी उचलली ते लिहितो. धान्यास कीड लागू नये म्हणून घरोघर डब्यात व पोत्यांत गोळ्या टाकण्याचा प्रघात पडला आहे. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम. व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब व दहा फूट उंच अशा बंद गॅरेजमध्ये एका गोळीचा सगळा वायू मोकळा झाला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे चौदा भाग होतात. कामगारांना दिवसाचे आठ तास सहन होईल म्हणून जी मर्यादा धरतात ती आहे ०.३ भाग. म्हणजे एकाच गोळीने चाळीसपटींहून अधिक. चार गोळ्यांनी हवा तत्काळ जिवास धोका होईल इतकी विषारी होते. या विषास उतारा नाही. गॅरेज घराच्या पोटात असते, त्याच्या वर वा शेजारी झोपण्याची खोली असते, आणि वायू दाराच्या फटीतून, नळाच्या भोकातून सहज जातो. कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीत आजारी पडल्याच्या व मुले दगावल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतो. सरकारने २००१ साली या गोळ्यांच्या दहा व वीसच्या लहान नळ्या बंद केल्या, आणि त्यांचा वापर शासकीय संस्था व परवानाधारक तज्ज्ञ यांच्यापुरता ठेवला. तरीही बाजारात कोणी ‘दोनच द्या’ म्हणून मागतो व कोणी देतो. सभासद बंधूंस माझी विनंती आहे की आपल्या पेढीवरून घरगुती गिऱ्हाइकास ही गोळी देऊ नये, आणि आपल्या घरात ती आणू नये. आपल्या धर्माचे अहिंसाव्रत क्षणभर बाजूस ठेवले, तरी स्वतःच्या लेकरांसाठी एवढे पुरे आहे.

गोळीवाचून भागते काय? भागते. वैशाखातील कडक उन्हात गहू पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवावा, दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत. सायंकाळी आत आणून रात्रभर निवू द्यावा. गरम धान्य डब्यात भरले की झाकणाखाली पाणी सुटते. डबा आधी उन्हात तापवून कोरडा करावा, काठोकाठ भरावा व झाकण घट्ट लावावे. कडधान्य सबंध ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेले बरे. भुंगा सबंध दाण्यावर अंडी घालतो, डाळीवर त्याचे फारसे चालत नाही. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर सावलीत पूर्ण वाळलेला; ओला पाला स्वतःच ओलावा देतो. आणि एकाच वेळी सर्व डबे उघडू नयेत. वापरावयाचा एक, बाकीचे बंद.

दुकानाच्या वह्यांचीही सोय याच मांडणीच्या वरच्या फळीवर होते. वस्तू व सेवा कर कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, आणि वाळवीला कायदा ठाऊक नसतो. कागद फळीवर मोकळे न टाकता वर्षवार गठ्ठे बांधून, दोन पातळ फळ्यांच्या मध्ये दाबून, कापडात गुंडाळावेत. ही युक्ती आपल्याच ज्ञानभांडारांची आहे. पाटण व जैसलमेर येथील हस्तलिखिते शतकानुशतके टिकली ती लाकडी पाट्यांमध्ये बांधून, कापडात वेष्टून, पेट्यांत ठेवल्यामुळे. आणि त्याहून अधिक, ती ठराविक काळाने उघडली जात म्हणून. पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीला, श्वेतांबर परंपरेत पोथ्यांची सफाई व पूजन होते. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. आमच्या घरी ज्ञानपंचमीचा दिवसच मांडणी उतरविण्यासही धरला आहे. त्या दिवशी सर्व डबे खाली येतात, फळ्या कोरड्या फडक्याने पुसतात, बोल्ट एकेक वेढा आवळतात, पायांजवळ मातीची नळी आहे का ते पाहतात. पाच-सहा माणसांस अर्धा दिवस पुरतो.

प्रत्येक डब्यावर खडूने किंवा चिकटपट्टीवर माल, जात, बाजार व भरल्याचा महिना लिहावा. फळीवर नवा डबा नेहमी डावीकडून सारावा व वापरावयाचा उजवीकडून काढावा. रिकामा झालेला डबा त्याच दिवशी धुऊन, उन्हात वाळवून, सर्वांत वरच्या फळीवर उपडा ठेवावा.